सक्तीचे संगणकीय ताळेबंद : एक चिकित्सा

१

कंपनीने आपला वार्षिक ताळेबंद निबंधकाकडे दाखल करावा, हा नियम वाणिज्याच्या विद्यार्थ्यास इतका परिचयाचा झालेला असतो की, तो कोणासाठी केला गेला हा प्रश्न सहसा त्याच्या मनात उद्भवत नाही. कलम, मुदत आणि दंड अशा तीन रकान्यांत तो नियम पाठ करतो व पुढे जातो. गेल्या दोन दशकांत आपल्या देशात हे दाखल करण्याचे काम कागदावरून संगणकावर आले, आणि ते ऐच्छिक न राहता सक्तीचे झाले. या स्थित्यंतराचे स्वागत बहुतेकांनी केले आहे व ते काही अंशी योग्यही आहे. तथापि एखाद्या व्यवस्थेची चिकित्सा तिच्या वेगावरून करता येत नाही. ज्या प्रयोजनासाठी ती उभी केली, ते प्रयोजन तिच्या हातून कितपत सिद्ध झाले हे पाहावे लागते. प्रस्तुत लेखात तेवढेच करण्याचा प्रयत्न आहे.

आमचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : ताळेबंदाच्या प्रकटीकरणाला दोन अंगे आहेत, एक दाखल करण्याचे, दुसरे वाचण्याचे. भारतीय कायद्याने पहिल्या अंगावर संगणकाची सक्ती केली. दुसऱ्या अंगाला मात्र त्या सक्तीतून निर्माण झालेल्या सामर्थ्याचा वाटा फारसा मिळाला नाही. शासनाचे दप्तर समृद्ध झाले, वाचक त्या प्रमाणात झाला नाही. आणि ज्या दाखल्याला वाचक नाही, त्या दाखल्याच्या खरेपणाची हमी देणारेही कोणी उरत नाही, हे आम्ही पुढे दोन उदाहरणांनी दाखवू.

२

या नियमाचे मूळ समजून घेतल्यावाचून त्याचे प्रयोजन ध्यानी येणार नाही. इंग्लंडमध्ये १८४४ च्या कायद्याने कंपन्यांची नोंदणी सुरू झाली आणि त्याच कायद्याने ताळेबंद निबंधकाकडे पाठविण्याचे बंधन घातले. १८५५ साली भागधारकांना मर्यादित जबाबदारीचा लाभ मिळाला. त्यानंतर अवघ्या एका वर्षाने, १८५६ च्या कायद्याने, हिशेबांविषयीचे सक्तीचे बंधन काढून टाकले व ते नमुना नियमावलीत ऐच्छिक म्हणून ठेवले. म्हणजे जबाबदारी मर्यादित झाली आणि तिच्या मोबदल्यात द्यावयाची माहिती मात्र ऐच्छिक ठरली. ही विसंगती दूर होण्यास पन्नास वर्षे लागली. १९०७ च्या कायद्याने सार्वजनिक कंपन्यांवर ताळेबंद दाखल करण्याचे बंधन पुन्हा आले. खाजगी कंपन्यांना त्यातून सूट मिळाली.

या इतिहासातून निघणारे तत्त्व साधे आहे. मर्यादित जबाबदारी हा नैसर्गिक हक्क नव्हे. ते समाजाने दिलेले दान आहे. व्यापारी बुडाला तर धनकोस त्याच्या घरादारापर्यंत जाता येते. कंपनी बुडाली तर भागधारकाच्या घराचा उंबरठा ओलांडता येत नाही. धनकोचा हा मार्ग कायद्याने बंद केला, म्हणून त्याच कायद्याने त्याला दुसरा मार्ग दिला : व्यवहार करण्यापूर्वी कंपनीचे हिशेब पाहून घेण्याचा. ताळेबंद दाखल करणे ही त्या दानाची किंमत होय, आणि ती किंमत निबंधकाला द्यावयाची नसून धनको, कामगार, पुरवठादार, लहान भागधारक व अभ्यासक अशा परक्या माणसाला द्यावयाची आहे. निबंधक हा त्या परक्या माणसाचा विश्वस्त आहे.

भारतात मर्यादित जबाबदारी १८५७ च्या कायद्याने आली. पुढे १९१३ व १९५६ चे कायदे झाले. १९५६ च्या कायद्यातील कलम २२० ने ताळेबंद व नफा-तोटा पत्रक निबंधकाकडे दाखल करण्यास सांगितले; परंतु सार्वजनिक कंपनीची दुय्यम नसलेल्या खाजगी कंपनीचे नफा-तोटा पत्रक सभासदांखेरीज इतरांस पाहता येणार नाही, अशी तरतूदही त्यातच होती. २०१३ च्या कायद्यात हा पडदा राहिला नाही. त्या कायद्याच्या कलम १३७ अन्वये वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर तीस दिवसांच्या आत वित्तीय विवरणे दाखल करावयाची असतात, आणि कलम ३९९ अन्वये कोणासही ती संगणकीय मार्गाने पाहता येतात. कायद्याच्या अक्षराकडे पाहिले तर परक्या माणसाचा हक्क पूर्वीपेक्षा विस्तारला आहे, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. शिवाय इंग्लंडमध्ये लहान कंपन्यांना नफा-तोटा पत्रक दाखल न करण्याची मुभा दीर्घकाळ राहिली. त्या मानाने आपला कायदा अधिक मागतो.

३

आता प्रत्यक्ष व्यवस्था कशी चालते ते पाहू. केंद्र शासनाच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २००६ साली ‘एमसीए-२१’ ही योजना अमलात आणली आणि निबंधकाच्या कचेरीतील कागदी दाखले बंद होऊन संगणकीय स्वाक्षरीसह प्रपत्रे भरण्याची पद्धत सुरू झाली. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील कचेरीत किंवा पुण्याच्या कचेरीत जाऊन जाडजूड बासने उलगडण्याचे दिवस त्याबरोबर संपले. मात्र या पहिल्या टप्प्यात बदलले ते फक्त वाहन. प्रपत्रासोबत जोडलेला ताळेबंद हा कागदाचेच चित्र होता. माणसाने तो पडद्यावर वाचावयाचा. यंत्राला त्यातील विक्री कोणती व कर्ज कोणते हे कळण्याचा मार्ग नव्हता.

दुसरा टप्पा २०११ साली आला. ३१ मार्च २०११ रोजी वा त्यानंतर संपणाऱ्या वर्षापासून काही वर्गांतील कंपन्यांवर एक्सबीआरएल या पद्धतीने हिशेब दाखल करण्याची सक्ती झाली. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या व त्यांच्या भारतीय दुय्यम कंपन्या, पाच कोटी रुपये वा अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या, आणि शंभर कोटी रुपये वा अधिक उलाढालीच्या कंपन्या यांचा त्यात समावेश होतो. बँका व विमा कंपन्या यांना सूट आहे. ही पद्धत १९९८ साली अमेरिकेतील चार्ल्स हॉफमन या हिशेबनिसाच्या कल्पनेतून उगम पावली. तिचे तत्त्व असे की, हिशेबातील प्रत्येक आकड्याला एका ठरीव कोशातील नावाची चिठ्ठी लावावयाची. ही रक्कम ‘विक्रीपासूनचे उत्पन्न’, ती ‘दीर्घ मुदतीची कर्जे’, या वर्षाची, या चलनातील, असे त्या चिठ्ठीवर नमूद असते. चिठ्ठी लागली की हजार कंपन्यांच्या विक्रीची बेरीज यंत्र क्षणात करू शकते; कोणी आकडे पुन्हा उतरवून घेण्याची गरज राहत नाही, व उतरवून घेताना होणाऱ्या चुकाही टळतात. उभ्या-आडव्या बेरजा जुळत नसतील तर दाखला स्वीकारण्यापूर्वीच दोष उघड होतो. या गुणांविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

परंतु या सक्तीच्या कक्षेबाहेर राहिलेल्या बहुसंख्य लहान कंपन्यांचे हिशेब एओसी-४ या सामान्य प्रपत्राने दाखल होत आले. त्यांपैकी प्रपत्रात भरलेले मोजके आकडे यंत्राला कळतात. सविस्तर टिपा व परिशिष्टे चित्ररूपच राहतात.

आणखी एक उणीव मोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही आहे. संचालकांनी व लेखापरीक्षकाने स्वाक्षरी केलेला ताळेबंद हा एक दस्तऐवज, आणि नंतर चिठ्ठ्या लावून तयार केलेली यंत्रवाच्य संहिता हा दुसरा. या दोहोंत अंतर पडण्याचा संभव असतो : कोशातील नाव नेमके न सापडल्यास रक्कम ‘इतर’ या सदरात ढकलली जाते, आणि कंपनीने स्वतःच्या टिपांत केलेला सूक्ष्म भेद त्यात पुसला जातो. इंग्लंडने १ एप्रिल २०११ पासून कंपन्यांच्या कर-विवरणांसाठी जी पद्धत सक्तीची केली, तिच्यात माणसाने वाचावयाचा मजकूर आणि यंत्राने वाचावयाच्या चिठ्ठ्या एकाच दस्तऐवजात गुंफलेल्या असतात. म्हणजे ज्या पानावर माणसाची नजर पडते, त्याच पानावर यंत्राचीही पडते. आपण त्याच वर्षी निराळी वाट धरली.

४

येथवर झाली ती रचनेची चर्चा. आता मुख्य प्रश्नाकडे वळू : संगणकीय सक्तीने हिशेबांच्या खरेपणात किती भर पडली?

७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी कबुलीचे पत्र लिहिले. ३० सप्टेंबर २००८ च्या हिशेबात ५,३६१ कोटी रुपये रोकड व बँकशिल्लक दाखविली होती. तीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते, असे त्यांनी त्यात म्हटले. त्या वेळी संगणकीय दाखल्याची व्यवस्था चालू होऊन दोन वर्षे उलटली होती. सत्यमचे दाखले मुदतीत होते, प्रपत्रे पूर्ण होती, बेरजा जुळत होत्या. चिठ्ठ्या लावण्याची पद्धत तेव्हा आलेली नव्हती हे खरे. परंतु ती असती तरी ‘बँकशिल्लक’ ही चिठ्ठी त्या खोट्या आकड्याला तितक्याच नेमकेपणाने लागली असती. यंत्र रूप तपासते. वस्तू आहे की नाही हे ते सांगू शकत नाही. लेखापरीक्षण व दाखला या भिन्न गोष्टी आहेत, हे आम्हांस मान्य आहे, आणि म्हणून सत्यमचा दोष आम्ही दाखल्याच्या व्यवस्थेला देत नाही. या उदाहरणाचा बोध एवढाच की, दाखला स्वीकारला गेला याचा अर्थ तो पडताळला गेला असा करता कामा नये.

हा अर्थ प्रत्यक्षात केला जातो, आणि तो शासनाच्या उच्च पातळीवरही केला गेला, हे दुसऱ्या उदाहरणावरून दिसेल. जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०११-१२ हे पायावर्ष धरून राष्ट्रीय उत्पन्नाची नवी मालिका जाहीर केली. त्यापूर्वी खाजगी कंपनी क्षेत्राचा अंदाज रिझर्व्ह बँकेच्या काही हजार कंपन्यांच्या नमुन्यावरून बांधला जात असे. नव्या मालिकेत त्याऐवजी एमसीए-२१ मधील पाच लाखांच्या घरातील कंपन्यांचे दाखले घेतले गेले, व ज्या कंपन्यांचे दाखले आले नव्हते त्यांचा वाटा भरणा झालेल्या भांडवलाच्या प्रमाणात वाढवून धरण्यात आला. ताळेबंदांचा असा राष्ट्रीय उपयोग व्हावा ही खरोखर मोठी गोष्ट होती. कंपनीच्या धनकोसाठी निर्माण झालेला दाखला आता साऱ्या देशाच्या उत्पन्नाचे मोजमाप ठरला.

परंतु याच ठिकाणी वाचकाची उणीव जाणवली. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ आर. नागराज यांनी या पद्धतीवर आक्षेप घेतला की, नोंदवहीतील कित्येक कंपन्या केवळ कागदोपत्री आहेत. त्या काही उत्पादन करतात असे गृहीत धरून आकडे वाढविले तर कंपनी क्षेत्राचा वाटा फुगतो. या आक्षेपाचे खंडन वा मंडन करावयाचे तर प्रत्येक कंपनीचे दाखले अभ्यासकांच्या हाती हवेत, ते नव्हते. पुढे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७४ व्या फेरीत, २०१६-१७ मध्ये, सेवा क्षेत्रातील उद्योगांची पाहणी झाली. तिचा अहवाल मे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसून आले की, मंत्रालयाच्या यादीवरून निवडलेल्या कंपन्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक कंपन्या सापडल्या नाहीत, बंद होत्या किंवा त्यांचे वर्गीकरण चुकीचे होते. शासनाचे उत्तर असे की, या कंपन्या दाखले भरतात, अर्थात त्यांचे व्यवहार हिशेबात येतातच. या उत्तरात तथ्य नाही असे नाही. पत्त्यावर न सापडलेली कंपनी दुसरीकडे व्यवसाय करीत असू शकते. तथापि कंपनी आहे कशावरून, तर तिचा दाखला आहे म्हणून. आणि दाखला खरा कशावरून, तर कंपनी नोंदलेली आहे म्हणून, असे हे वर्तुळ आहे. ते बाहेरून छेदू शकणारा एकच घटक असतो, तो म्हणजे स्वतंत्र वाचक.

५

त्या वाचकाला आज कोणती वाट आहे? मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणत्याही कंपनीचे दाखले पाहावयास प्रत्येक कंपनीमागे शंभर रुपये शुल्क आहे. एखाद्या पुरवठादारास एका कंपनीची माहिती हवी असेल तर ही रक्कम जड नाही. परंतु आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने महाराष्ट्रातील पाचशे कारखानदार कंपन्यांच्या कर्जभाराचा अभ्यास हाती घेतला, तर केवळ दाखले पाहण्यासाठी त्यास पन्नास हजार रुपये मोजावे लागतील, व ते दाखले एकेक करून उघडावे लागतील. साऱ्या कंपन्यांची यंत्रवाच्य संहिता एकत्रित उतरवून घेण्याची सोय सर्वसामान्य अभ्यासकास नाही. म्हणून विद्यापीठे मुंबईच्या सीएमआयईसारख्या खाजगी संस्थांनी संकलित केलेली माहिती वर्गणी भरून घेतात. त्या संस्थांचे काम मोलाचे आहे. तथापि कंपन्यांनी कायद्याच्या सक्तीने, स्वतःच्या खर्चाने, चिठ्ठ्या लावून दिलेली माहिती अभ्यासकाला पुन्हा विकत घ्यावी लागते, आणि ज्या विद्यापीठास वर्गणी परवडत नाही तेथील विद्यार्थी त्या विषयालाच मुकतो, ही स्थिती समर्थनीय नाही.

इंग्लंडच्या नोंदणी कार्यालयाने जून २०१५ पासून आपल्याजवळील संगणकीय माहिती विनामूल्य खुली केली. यावर असा आक्षेप घेतला जाईल की, त्या खुल्या नोंदवहीतही बनावट कंपन्या, खोटे पत्ते व हास्यास्पद नावे विपुल निघाली. हे खरे आहे. परंतु ती निघाली कशी, हे पाहणे उद्बोधक ठरेल. पत्रकार, अभ्यासक व जागरूक नागरिक यांनी ती नोंदवही वाचली, म्हणून ती निघाली. आलेला दाखला तसाच स्वीकारणे एवढेच पूर्वी तेथील निबंधकाचे काम होते. या टीकेच्या परिणामी २०२३ च्या कायद्याने त्यास दाखल्याविषयी शंका विचारण्याचा व तो नाकारण्याचा अधिकार मिळाला. खुलेपणाने नोंदवही शुद्ध झाली नाही, परंतु तिची अशुद्धता लपून राहिली नाही. आपल्याकडे शुल्काच्या पडद्याआड शुद्धता व अशुद्धता दोन्ही सारख्याच अदृश्य आहेत.

दुसरा आक्षेप व्यापारी गुप्ततेचा. लहान कंपनीचा नफा सर्वांस कळला तर प्रतिस्पर्धी त्याचा लाभ घेतील, असे म्हटले जाते. १९५६ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना दिलेले संरक्षण याच विचारावर उभे होते. हा विचार कोणास मान्य असेल तर त्याने ते संरक्षण कायद्यात परत आणावे. परंतु कायद्याने खुली ठरविलेली माहिती शुल्काच्या व गैरसोयीच्या द्वारा झाकणे हा गुप्ततेचा मार्ग नव्हे. शंभर रुपये देणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला ती अडवीत नाही. पन्नास हजार देऊ न शकणाऱ्या संशोधकाला मात्र अडविते.

६

शेवटचा मुद्दा दाखला भरणाऱ्याचा आहे, कारण सक्तीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. १ जुलै २०१८ पासून वार्षिक प्रपत्रांच्या विलंबास प्रत्येक प्रपत्रामागे दररोज शंभर रुपये जादा शुल्क लागू झाले, व त्यास कमाल मर्यादा ठेवण्यात आली नाही. वित्तीय विवरणांचे एक व वार्षिक विवरणाचे एक, अशी दोन प्रपत्रे वर्षभर राहिली तर हे शुल्क ७३,००० रुपये होते. हजारो कोटींच्या कंपनीस ही रक्कम नगण्य आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मोठ्या संख्येने स्थापन झालेल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांपैकी एखाद्या लहान कंपनीचे वर्षाचे सारे शिल्लक उत्पन्न तीत जाऊ शकते.

याहून कठोर परिणाम संचालकांवर होतो. सलग तीन वर्षे विवरणे दाखल न करणाऱ्या कंपनीचा संचालक कलम १६४ अन्वये पाच वर्षे अपात्र ठरतो. २०१७ साली शासनाने दाखले न भरणाऱ्या कंपन्यांविरुद्ध मोहीम काढली. त्या वेळी दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढण्यात आली व तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरले. निर्जीव व बनावट कंपन्या काढून टाकणे इष्टच होते. परंतु ज्या यंत्राला दाखला खरा की खोटा हे कळत नाही, त्याला दाखला आला नाही तो लबाडीमुळे की असमर्थतेमुळे, हेही कळत नाही. सफाईने खोटे हिशेब भरणारा या चाळणीतून निसटतो. प्रामाणिक परंतु गोंधळलेला माणूस तिच्यात अडकतो. गावातील उत्पादक कंपनीचा शेतकरी संचालक संगणकीय स्वाक्षरी, प्रपत्रांची इंग्रजी भाषा आणि तालुक्याच्या गावच्या हिशेबनिसाची फी या तिन्हींवर अवलंबून असतो. त्याच्या कंपनीचा ताळेबंद दिल्लीच्या यंत्रात पोहोचतो. त्याच गावातील सभासदाला तो मराठीत वाचावयास मिळेलच याची हमी कोणताही नियम देत नाही. येथे सक्ती पुरी झाली आणि प्रकटीकरण झाले नाही, असे म्हणावे लागते.

७

वरील विवेचनावरून संगणकीय सक्ती मागे घ्यावी, असा निष्कर्ष कोणी काढू नये. कागदी बासनांकडे परत जाण्यात कोणाचेच हित नाही. आमचे म्हणणे असे की, सक्ती अर्धी झाली आहे. ती पुरी करावी. कंपनीवर यंत्रवाच्य दाखल्याचे बंधन असेल, तर निबंधकावर तो दाखला यंत्रवाच्य रूपातच, विनामूल्य व एकत्रित उपलब्ध करण्याचे बंधन असावे. स्वाक्षरीचा ताळेबंद आणि चिठ्ठ्यांची संहिता हे एकच दस्तऐवज असावेत. राष्ट्रीय उत्पन्नासाठी जे दाखले वापरले जातात, ते त्याच रूपात अभ्यासकांस तपासता यावेत. विलंबाचे शुल्क कंपनीच्या आकारमानाशी निगडित असावे, आणि उत्पादक कंपनीच्या हिशेबाचा गोषवारा सभासदांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावा. यांतील कोणत्याही सूचनेस नवीन यंत्राची आवश्यकता नाही. जे यंत्र आहे त्याचे दुसरे दार उघडावयाचे आहे.

तोवर संशोधकांनीही एक पथ्य पाळावे. दाखल्यांच्या आधारे निष्कर्ष काढताना आपल्या नमुन्यातील किती कंपन्या प्रत्यक्ष चालू असल्याची स्वतंत्र खातरजमा केली, हे प्रबंधात स्पष्ट नमूद करावे. आकडा संगणकातून आला एवढ्यावरून त्यास प्रामाण्य देण्याची सवय अलीकडे वाढत आहे. ताळेबंदाचे प्रामाण्य तो कोठे ठेवला आहे यावर अवलंबून नसते. तो कोणी वाचला, कशाशी ताडून पाहिला आणि त्यात काय चुकीचे आढळले, यावर ते अवलंबून असते.